रेइनोची करंगळी

रेइनो टिहोनेनच्या पायाची करंगळी लाकडी मूसच्या गाडीखाली मोडली, हे आमच्या सावो भागात कुणीही हसत हसत सांगेल. पण त्या क्षणी रेइनो तिथं नेमकं काय करत होता असं विचारलं, की माणसं कॉफीच्या कपात बघू लागतात. माणूस भला आहे, त्याला कशाला दुखवायचं, असं त्यांना वाटतं. भला आहे हे खरंच. पण त्या क्षणी तो दुसऱ्याच्या नेमात खोट शोधत होता, हेही तितकंच खरं आहे.

रेइनो तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. उन्हाळ्यात मातीचे रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायचा आणि हिवाळ्यात त्याच रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचा. तीस वर्षं हेच काम. रस्ता चांगला असला की कुणाला रेइनो आठवत नसे, खड्डा पडला की सगळ्यांना आठवायचा. त्याला मान मिळायचा तो वर्षातून फक्त दोन-अडीच महिने, मूसच्या शिकारीच्या हंगामात. गावच्या शिकारी मंडळात पंधरा माणसं होती. त्यातल्या बहुतेकांचं काम म्हणजे ठरलेल्या नाक्यावर बंदूक घेऊन बसायचं, नाक गळू द्यायचं आणि वाट बघायची. रानात शिरायचं ते कुत्रेवाल्यानं. आणि कुत्रेवाला होता रेइनो, कारण नुप्पू त्याची होती.

नुप्पू सात वर्षांची, करड्या रंगाची, पाठीवर शेपटीचं घट्ट वेटोळं असलेली कुत्री. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण, शिंगं फावड्याएवढी. असल्या धुडाला ती एकटी हुडकून काढायची आणि त्याच्या तोंडासमोर उभी राहून भुंकत भुंकत जागच्या जागी अडकवून ठेवायची. मग रेइनो वाऱ्याची दिशा धरून दबकत जवळ जायचा आणि गोळी घालायचा. गेल्या पाच वर्षांत मंडळाला मिळालेल्या मूसपैकी निम्मे नुप्पूचे, असं लोक म्हणायचे. रेइनोच्या कानाला ते ‘निम्मे रेइनोचे’ असंच ऐकू यायचं.

आता आर्वो. आर्वो वार्तिआइनेन रस्त्यापलीकडच्या घरात राहायचा. शहरातल्या कागदाच्या गिरणीतून निवृत्त होऊन नऊ वर्षांपूर्वी मामाच्या घरी राहायला आला होता. आला तेव्हापासून रेइनोच्या डोळ्यांत सलत होता. बासष्टाव्या वर्षी आर्वोच्या डोक्यावर केसांचं रान होतं. त्याच्या बटाट्यांना कधी कीड लागत नसे. उणे तीस अंशात सगळं गाव गाड्यांना शिव्या घालत असताना त्याची गाडी एका किल्लीत चालू व्हायची. आणि या सगळ्याहून वाईट म्हणजे तो कशाचीच बढाई मारत नसे. बढाईखोराचा हेवा करणं सोपं असतं, निदान त्याला तोंडावर हसता येतं. आर्वोनं तीही सोय ठेवली नव्हती.

त्या वर्षी मे महिन्यात आर्वोची कुत्री लाकडं वाहणाऱ्या ट्रकखाली गेली. रेइनो त्याच्या घरी गेला, हात हातात घेतला, ‘फार वाईट झालं’ म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटतही होतं. पण परत येताना अर्ध्या रस्त्यात त्याच्या मनात आलं, की आता या रस्त्यावर चांगली कुत्री एकच उरली. त्या विचारानं त्याला हलकं वाटलं. मग असं हलकं वाटल्याची लाज वाटली, आणि दोन दिवस तो हेल्वीशीसुद्धा धड बोलला नाही. हेल्वी म्हणजे त्याची बायको. तिला काही सांगावं लागत नसे, ती नुसतं बघून ओळखायची.

हंगाम सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी उघडतो. त्याच्या दोन आठवडे आधी सगळं मंडळ नेमबाजीच्या मैदानावर जमलं. तिथं लाकडी फळीचा मूस आहे, अगदी खऱ्याएवढा. तो एका लोखंडी चाकांच्या गाडीवर उभा असतो, आणि दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस रहाट फिरवून ती गाडी रुळांवरून पळवतो. प्रत्येकाच्या गोळ्या झाल्या की लाल बावटा वर करायचा, बंदुका उघड्या करून ठेवायच्या, आणि एकानं जाऊन भोकं मोजायची. मोजून झाली की त्यांवर कागदाच्या टिकल्या थुंकी लावून चिकटवायच्या आणि बाजूला होऊन हात हलवायचा. मग रहाटावरचा ओन्नी गाडी ओढून घेणार. ओन्नीला लांबचं जेमतेम दिसायचं, पण रहाट फिरवायला दिसावं कशाला, असं मंडळाचं मत होतं.

आर्वोनं पळत्या मूसवर चार गोळ्या झाडल्या. बावटा वर गेला.

“मी मोजतो,” रेइनो म्हणाला.

“पाळी माझी आहे,” मार्टी म्हणाला. मार्टी मंडळाचा म्होरक्या.

“मोजतो म्हटलं ना! माझे पाय मोकळे होतील.”

रबरी बूट फडफडवत तो पाऊणशे मीटर चालत गेला. तीन गोळ्या छातीवरच्या बरोबर मधल्या वर्तुळात होत्या. चौथी रेषेवर होती. रेषेला आतून चिकटलेली, की बाहेरून? रेइनोनं चष्मा कपाळावर चढवला आणि नाक फळीला लावलं. बाहेरून म्हणता आली असती तर त्याला फार बरं वाटलं असतं. त्यानं बोटाच्या नखानं भोकाची कड चाचपली. डावा पाय रुळावर, डोकं मूसच्या छातीत, अशा अवस्थेत तो उभा होता, तेवढ्यात मानेवर काहीतरी चालल्यासारखं झालं. मूसमाशी! सप्टेंबरात ही चपटी माशी रानभर असते, अंगावर बसली की पंख टाकून केसांत शिरते आणि मारता मरत नाही. रेइनोनं हात वर करून मानेवर सटासट चापट्या मारल्या.

ओन्नीला पलीकडून हात हललेला दिसला. त्यानं रहाट फिरवला.

रेइनोची आरोळी मैदानाबाहेरच्या गोठ्यातल्या गायींनीही ऐकली.

आरोग्य केंद्रातली डॉक्टर त्याच्या मुलीपेक्षा लहान होती. तिनं निळीकाळी करंगळी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “कशानं झालं हे?”

“मूस चढला पायावर.”

“हंगाम तर अजून उघडला नाही.”

“हा लाकडाचा होता.”

ती हसली नाही, त्यामुळे रेइनोला जरा धीर आला. तिनं करंगळी शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधली. हाड जरासं चिरलंय, म्हणाली, फार काही नाही, पण तीन आठवडे रानात पाऊल टाकायचं नाही.

“दोन?”

“तीन. चिखलात पाय मुरगळला तर सहा.”

संध्याकाळी मार्टी आला. टोपी हातात धरून दाराशीच उभा राहिला. त्यावरून तो काय मागायला आलाय हे रेइनोनं ओळखलं.

“दुसरी कुत्री ओन्नीची,” मार्टी म्हणाला. “तिला आता मूस आणि गाय यातला फरक कळत नाही. नुप्पूशिवाय हंगाम कसा उघडायचा?”

“नुप्पू माझ्याशिवाय जात नाही.”

“आर्वो जाईल तिच्याबरोबर. त्याचे हात रिकामेच आहेत.”

नाही म्हणायचा हक्क रेइनोला होता, कुत्री त्याची होती. पण पहिलं दहिवर पडल्यापासून नुप्पू दाराशी बसून कण्हत होती. वर्षभर ती ज्यासाठी जगायची तो वास वाऱ्यावर आला होता. तिला तीन आठवडे बांधून ठेवायचं म्हणजे तिच्याशी वैर करणं, हे त्यालाही कळत होतं.

“न्या,” तो म्हणाला. “पण आर्वोला सांगा, कुत्री माझी आहे.”

“ते काय कुणाला सांगावं लागतं, लेका?”

दुसऱ्या दिवसापासून आर्वो रोज चार वाजता येऊ लागला, नुप्पूला सवय व्हावी म्हणून. रेइनो स्टुलावर पाय ठेवून खिडकीशी बसायचा. पहिल्या दिवशी नुप्पू फाटकापर्यंत गेली आणि वळून खिडकीकडे बघत राहिली. रेइनोला इतकं बरं वाटलं, की त्यानं हेल्वीकडे दुसरा कप कॉफी मागितली. तिसऱ्या दिवशी ती वळली नाही. पाचव्या दिवशी पावणेचारलाच दाराशी जाऊन बसली. आठव्या दिवशी फाटकाची कडी वाजताच तिनं अशी उडी मारली, की दुधाचं भांडं लवंडलं.

परत आल्यावर आर्वो स्वयंपाकघरात बसायचा. हेल्वी वेलदोड्याचे गोड पाव काढायची.

“काय बया आहे!” आर्वो म्हणाला. “मी उजवीकडे वळायचं मनात आणतो, की ही आधीच उजवीकडे.”

“माझ्याबरोबर पण असंच करते,” रेइनो म्हणाला.

“करणारच. शिकवलीयस तूच.”

रेइनोनं पाव खाल्ला.

आर्वो गेल्यावर हेल्वी कप विसळत म्हणाली, “लागलंय करंगळीला आणि दुखतंय पोटात.”

“कुणाच्या?”

“लग्नाआधीच्या उन्हाळ्यात नाचाच्या मांडवात तो टपाल कचेरीतला मुलगा माझ्याबरोबर सलग चार गाणी नाचला. तू काय केलंस आठवतंय? तळ्यावर मासे धरायला गेलास. चाळीस वर्षांत माझ्यासाठी कधी तुझा असा जळफळाट झाला नाही. कुत्रीसाठी होतोय.”

ती चेष्टेतच म्हणाली, पण कप जरा जोरात ठेवला.

शुक्रवारी, हंगामाच्या आदल्या दिवशी, आर्वो निघता निघता दाराशी थांबला. “उद्यासाठी काही सांगायचंय? तिची काही खोड, काही सवय?”

आणि रेइनोच्या तोंडून निघून गेलं. ठरवून नाही, पण चुकूनही नाही.

“एक आहे. मूस अडवून भुंकत असली की तिच्याजवळ मुक्यानं जायचं नाही. बिचकते. पन्नास पावलांवर आलास की हळूच दोन शिट्ट्या मारायच्या. मग जोर धरते.”

आर्वोनं त्याच्याकडे पाहिलं. “दोन शिट्ट्या.”

“हळू.”

“बरं,” आर्वो म्हणाला आणि मान डोलावून गेला.

माणसाची शिट्टी ऐकून कुठला मूस उभा राहील? तो पळेल, आर्वो हात हलवत परत येईल, आणि लोक म्हणतील, रेइनोशिवाय जमत नाही बुवा. रेइनोचा विचार इतकाच होता. रात्री झोप मात्र लागली नाही, पण ती करंगळी ठणकत असल्यामुळे, असं त्यानं स्वतःला समजावलं.

शनिवारी सकाळी त्याला मंडळाच्या खोपीवर नेऊन बसवलं. काम दिलं वाटाण्याचं सूप ढवळायचं. चुलीवर वीस लिटरचं भांडं, हातात लांब पळी, आणि शेजारी वॉकीटॉकी. तीस वर्षांत पहिल्यांदा तो पहिल्या दिवशी छपराखाली होता.

सव्वानऊला आर्वोचा दबका आवाज आला. “भुंकतेय. दलदलीच्या वरच्या अंगाला, दाट झाडीत.”

“सगळे गप्प,” मार्टी म्हणाला. कुत्री भुंकायला लागली की वॉकीटॉकीवर म्होरक्या आणि कुत्रेवाला सोडून कुणी बोलायचं नाही, हा नियम. तो रेइनोनंच दहा वर्षांपूर्वी भांडून करून घेतला होता.

रेइनोनं पळी हलवली. मनात म्हणाला, आता मार शिट्टी.

मग पुन्हा आर्वो, आणखी दबक्या आवाजात. “नर आहे. मोठा. माजावर आलाय. दोनदा तिच्या अंगावर गेला. ती अगदी पुढच्या पायांशी आहे.”

रेइनोची पळी थांबली. माजावर आलेला नर पळत नाही. शिट्टी ऐकली तरी पळणार नाही. पण नुप्पू शिट्टी ऐकेल. नुप्पू मागं वळून बघेल, हे कोण म्हणून. एक क्षणच बघेल. नराला पुढचा पाय उचलून आपटायला तेवढा क्षण पुष्कळ. मूसचा खूर लागलेलं एक कुत्रं रेइनोनं पाहिलं होतं. पोत्यात भरून आणावं लागलं होतं.

त्यानं वॉकीटॉकी उचलली. तशीच वॉकीटॉकी बाकीच्या चौदा जणांच्या हातात होती, आणि बटण दाबलं की चौदाही जण ऐकणार होते. त्यानं बटण दाबलं.

“आर्वो, शिट्टी मारू नको. मी खोटं सांगितलं. तुझी फजिती व्हावी म्हणून सांगितलं. शिट्टी मारलीस तर ती मागं बघेल आणि तो तिला तुडवील. मारू नको. मुक्यानं जा.”

कुणी काही बोललं नाही. नियमच तसा होता. रेइनो भांड्यासमोर उभा राहिला. करंगळी बधिर झाली होती. बारा मिनिटं गेली की दोन, त्याला सांगता आलं नसतं. सूप तळाला लागल्याचा वास येत होता, तो त्याच्या नाकापर्यंत पोहोचला नाही.

एकच गोळी वाजली, लांबून.

“पडला,” आर्वो म्हणाला. “कुत्री धड आहे.”

रेइनो लाकडाच्या ओंडक्यावर बसला आणि बाहीनं तोंड पुसलं.

दुपारी मंडळी आली. बूट आपटले, वाडगे भरले. पहिला घास घेऊन ओन्नी म्हणाला, “करपलंय.”

“इथं नुसतं सूपच जळलेलं नाही,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. मग सगळे खाली बघून भराभर जेवू लागले. हसले असते तर रेइनोला सोसलं असतं. मार्टीनं वाडगा ठेवताना एवढंच म्हटलं, “कुत्री तुझी म्हणून काही बोलत नाही. दुसऱ्याची असती तर आज तुला मंडळातून काढला असता.”

“कळतंय,” रेइनो म्हणाला.

घरी सोडायला गाडी आर्वोचीच. दुसरं कुणी त्या रस्त्याला राहतच नव्हतं. नुप्पू मागच्या बाजूला मूसच्या रक्तानं आणि चिखलानं माखलेली, घोरत पडली होती. अर्धा रस्ता सरला.

“ती शिट्टी,” रेइनो शेवटी म्हणाला.

“मी मारणारच नव्हतो.”

“का?”

“अरे, दातांची कवळी बसवल्यापासून तुला शिट्टी येते तरी का? सहा वर्षं दर पहाटे तुला तिच्याबरोबर रानात शिरताना ऐकतोय मी. कवळीतून नुसती हवा जाते तुझ्या.”

रेइनोनं खिडकीबाहेर बघितलं. हाच रस्ता त्यानं गेल्या महिन्यात सपाट केला होता.

“मग काल मान का डोलावलीस?”

“तुझी कुत्री तुझ्या डोळ्यांदेखत घेऊन निघालो होतो. काहीतरी खोटं बोलल्याशिवाय तू मला जाऊ कसा देणार? मी असतो तर याहून मोठं बोललो असतो.” आर्वोनं गियर बदलला. “माझी मेली त्या आठवड्यात तुझी भुंकली ना, की मी खिडकी लावून घ्यायचो.”

म्हणजे बोललो नसतो तरी चाललं असतं, हे रेइनोच्या लक्षात आलं. चौदा जणांसमोर जी अब्रू गेली ती फुकट गेली. केस त्याचे, बटाटे त्याचे, आजचा मूस त्याचा, आणि आता मोठं मनही त्याचंच! माणसानं शेजाऱ्याकडे काहीतरी राहू द्यावं की नाही? रेइनोला इतका राग आला, की फाटकाशी उतरताना तो ‘धन्यवाद’ म्हणायलाही विसरला. आर्वोनं उद्याबद्दल काही विचारलं नाही. नुप्पूला उतरवलं, तिच्या कानामागं एकदा खाजवलं आणि गाडी वळवली.

हेल्वी ओसरीत उभी होती. गावातले फोन मूसपेक्षा जलद पळतात.

“मार्टीच्या बायकोनं सांगितलं,” ती म्हणाली.

“काय काय?”

“सगळं.” तिनं त्याचा बूट ओढून काढला, दुखणाऱ्या पायाचा अगदी हळू. “शहाणा माणूस गप्प बसला असता.”

“आणि कुत्री मेली असती.”

“तेच म्हणतेय. बरं झालं शहाणा नाहीस ते.”

मूसच्या हृदयातला कुत्र्याला द्यायचा तो वाटा नुप्पूनं खाल्ला, पाणी प्यायली. अशा दिवसानंतर ती दर वर्षी रेइनोच्या पायांशी चुलीजवळ अंग टाकायची आणि सकाळपर्यंत हलायची नाही. आज ती चुलीपाशी गेली, गोल फिरली, आणि मग उठून दाराकडे गेली. दाराच्या खालच्या काचेला नाक लावून ती रस्त्यापलीकडच्या घराकडे बघत बसली. तिथं आर्वो अंगणात गाडी धूत होता.

रेइनोनं ते पाहिलं. हेल्वीनं त्याला पाहताना पाहिलं आणि विणकामात डोकं घातलं.

तो लंगडत फोनपाशी गेला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. अंगणात आर्वोनं पाण्याची नळी टाकली आणि तो घरात शिरला, तसे नुप्पूचे कान उभे राहिले.

“उद्या सहाला ये,” रेइनो म्हणाला. “आणि रानात शिरण्याआधी तिला निम्माच पाव घाल. पोट भरलं की आळसावते. हे खरं सांगतोय.”

फोन ठेवून तो दाराशी आला आणि भिंतीला धरून, बांधलेला पाय पुढे पसरून, नुप्पूच्या शेजारी फरशीवर बसला. तिनं त्याचा हात चाटला आणि पुन्हा काचेतून बाहेर बघू लागली.

“सहाला येणार आहे तो,” रेइनोनं तिला सांगितलं. “आता झोप.”